मास्तर कृष्णराव : सर्वांच्या गळ्यातली चाल



आजच्या व्याख्यानासाठी मी संगीतरचनाकाराचे चरित्र निवडले, याचे काहींना नवल वाटले असेल. मी गायक नाही, आणि संगीताचे शास्त्रोक्त शिक्षणही मला मिळालेले नाही. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु तीस वर्षे कामगारांत काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मोर्च्यात गाणे घ्यायचे म्हटले की प्रश्न शब्दांचा नसतो, चालीचा असतो. चाल अवघड असली तर पुढचे चौघे गातात आणि मागचा सारा मोर्चा मुका चालतो. सोपी असली आणि तीत जीव नसला, तर दुसऱ्या दिवशी ती कोणाला आठवत नाही. सोपी असून सामर्थ्यवान अशी चाल बांधणे हे मोठ्या कलावंताचे काम आहे. ज्याने हे काम जन्मभर केले आणि एकदा त्यासाठी थेट दिल्लीच्या दारात जाऊन उभा राहिला, त्या मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांविषयी आज मी बोलणार आहे.

कृष्णरावांचा जन्म 20 जानेवारी 1898 रोजी आळंदीस झाला. आळंदी म्हणजे टाळकऱ्यांचे गाव. तेथे गाणे ही एकट्याची मिरास नव्हे. कीर्तनात बुवा ओळ टाकतो आणि सारा मंडप ती उचलतो. लहानपणीच गोड गळ्यामुळे ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले. त्या काळी नाटकात काम करणाऱ्या पोरांना 'मास्टर' म्हणत. बहुतेकांचे हे उपपद मिसरूड फुटताच गळून पडे. कृष्णरावांचे मात्र टिकले, आणि पुढे त्याचा अर्थही बदलला. कारण ते खरोखरच अनेकांचे मास्तर झाले.

त्या मंडळीत सवाई गंधर्वांचे गाणे त्यांच्या कानी पडले. परंतु त्यांचे खरे गुरू भास्करबुवा बखले. बुवांची थोरवी सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. जन्माने ब्राह्मण असलेल्या या माणसाने फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा उस्तादांच्या पायांशी बसून विद्या मिळवली आणि ती महाराष्ट्रात वाटून टाकली. 1911 साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. घराण्याच्या कुलुपातली विद्या सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींपर्यंत नेण्याचा तो प्रयत्न होता. 1916 साली आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली बुवांच्याच. 8 एप्रिल 1922 रोजी बुवा गेले. त्यानंतर बुवांची गादी म्हणून जे काही होते ते कृष्णरावांकडे आले : एका बाजूला भारत गायन समाज आणि दुसऱ्या बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे संगीत.

गंधर्व मंडळीत बालगंधर्वांसारखा नट आणि प्रेक्षागृहात रात्रभर बसणारा रसिक, अशा ठिकाणी चाली बांधणे सोपे नव्हते. 'मेनका', 'कान्होपात्रा', 'अमृतसिद्धी' या नाटकांना कृष्णरावांनी संगीत दिले. त्यांपैकी 1931 सालचे 'कान्होपात्रा' मला विशेष महत्त्वाचे वाटते. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, बीदरच्या बादशहाचे बोलावणे येते आणि ती विठ्ठलाच्या पायी देह ठेवते, अशी ही कथा. तिच्या तोंडी अभंग आले. अभंग हा भजनातला, वारीतला. तो रंगभूमीवर आणताना त्यावर तानांचे ओझे लादले असते तर तो वारकऱ्याचा राहिला नसता. आणि जशाचा तसा ठेवला असता तर नाटक थबकले असते. कृष्णरावांनी मधली वाट काढली. नाटकगृहातून बाहेर पडणारा माणूस तो अभंग स्वतःच्या गळ्यात घेऊन घरी जाई.

पुढे बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. पडदे ओढणारे, पेटी-तबल्याचे साथीदार, रंगपट सांभाळणारे, अशा कितीतरी लोकांची रोजी गेली. यंत्र आले म्हणजे कारागिराचे काय होते, हे जिनिंगच्या आवारात आपण पाहिलेच आहे. कृष्णराव तरले, कारण ते नव्या यंत्राशी भांडत बसले नाहीत आणि त्याच्यापुढे वाकलेही नाहीत. पुण्याच्या प्रभात कंपनीसाठी त्यांनी 1935 साली 'धर्मात्मा' केला. संत एकनाथांच्या या चित्रपटात बालगंधर्व एकनाथ झाले होते. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सरकारी परीक्षकांना त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलावे लागले. त्यानंतर 'अमरज्योती' 1936 साली, 'माणूस' 1939 साली आणि 'शेजारी' 1941 साली आला.

'माणूस' आणि 'शेजारी' यांच्याबद्दल दोन शब्द अधिक बोलतो. 'माणूस'मध्ये एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांची कहाणी आहे. त्यात मैनेच्या तोंडी एक गाणे आहे. त्याची कडवी हिंदुस्थानातील निरनिराळ्या भाषांत आहेत, आणि प्रत्येक कडव्याला त्या त्या प्रांताचा ढंग आहे. मुंबईसारख्या शहरात पोटासाठी देशभरातून माणसे येतात, ती एका गाण्यात एकत्र बसवली आहेत. 'शेजारी' ही हिंदू आणि मुसलमान अशा दोन म्हाताऱ्या मित्रांची कथा. धरणाच्या निमित्ताने त्यांच्यात फूट पाडली जाते आणि शेवटी ते धरण फुटताना दोघे एकत्रच प्राण सोडतात. त्यात सारा गाव मिळून नाचतो-गातो असे समूहगीत आहे. इतके गळे आणि इतके पाय एका तालावर ठेवण्याची किमया त्या चालीत आहे. रंगभूमीही त्यांनी सोडली नाही. 1942 साली मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'चे संगीत त्यांचेच, आणि ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेली त्यातील पदे घरोघर गेली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'वंदे मातरम्' हे गीत बंकिमचंद्रांच्या 'आनंदमठ' कादंबरीतले. ती 1882 साली ग्रंथरूपाने आली. 1896 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गायिले. लोक ते म्हणत तुरुंगात गेले. कृष्णराव आपल्या बैठकीत ते गात. इंग्रजी अमदानीत मुंबई नभोवाणीवर त्यांनी ते गायला सुरुवात करताच प्रक्षेपण बंद करण्यात आले, आणि त्यांनी नभोवाणीवरच बहिष्कार टाकला, अशी हकीकत सांगतात. स्वातंत्र्य आल्यावर ते सन्मानाने त्याच नभोवाणीवर हे गीत गायिले. कलावंताचा संप म्हणतात तो हाच. गाणारा एकटा होता, तरीही तो मोडला नाही.

स्वराज्य आले तेव्हा राष्ट्रगीताचा प्रश्न उभा राहिला. 'वंदे मातरम्'वर आक्षेप दोन प्रकारचे होते, आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला आक्षेप पुढच्या कडव्यांतील देवीस्तुतीचा. अनेक मुसलमान बांधवांना ती म्हणणे जड जात होते. म्हणूनच काँग्रेसने 1937 साली पहिली दोनच कडवी सभांतून म्हणावीत असे ठरवले. हा आक्षेप चालीने मिटणारा नव्हता. दुसरा आक्षेप निव्वळ संगीताचा होता. हे गीत समूहाला एकत्र गाता येत नाही, बँडवर वाजत नाही, परदेशच्या वाद्यवृंदाला देता येत नाही, असे म्हटले जाई. 25 ऑगस्ट 1948 रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत निवेदन केले, त्यातही राष्ट्रगीताची चाल वाद्यवृंदाला सोयीची असण्यावर भर होता. 'जन गण मन' 1947 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वाजले होते व पसंत पडले होते.

कृष्णरावांनी हा दुसरा आक्षेप आपल्या विद्येला दिलेले आव्हान मानला. त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली. झिंझोटी हा लोकधुनांच्या जवळचा राग. त्यात भजनही बसते आणि ठुमरीही. उड्या फार नाहीत, स्वर एकमेकांना धरून चालतात, म्हणून शंभर नवखे गळेही त्यात फाटत नाहीत. बँडसाठी स्वरलिपी तयार करून घेतली, गाणारा समूह उभा केला, आणि पदरमोड करून दिल्लीस जाऊन नेहरूंपुढे व घटना समितीच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिके दिली. पत्रके काढून, भाषणे करून नव्हे; गाऊन आणि गाववून त्यांनी आपला मुद्दा मांडला.

निर्णय मात्र त्यांच्या मनासारखा झाला नाही. 24 जानेवारी 1950 रोजी अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी घटना समितीत जाहीर केले की 'जन गण मन' हे राष्ट्रगीत राहील आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान दिला जाईल. आज 'वंदे मातरम्' बहुतेक ठिकाणी देस रागातील चालीवर ऐकू येते. तेव्हा मास्तर हरले काय? मागणी पूर्ण झाली नाही म्हणजे लढा वाया गेला, असे आम्ही संघटनेतले लोक मानत नाही. हे गीत समूहाला गाता येत नाही असे यापुढे कोणी म्हणू शकला नाही, आणि बरोबरीच्या मानात या धडपडीचा वाटा होता असे मी समजतो.

येथे दूरच्या एका देशाची आठवण येते. पोलंड हा देश 1795 पासून 1918 पर्यंत नकाशावर नव्हता. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. त्या लोकांनी देश जपला तो गाण्यात. त्यांचे राष्ट्रगीत 1797 साली परमुलखात लढणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी लिहिले गेले, आणि त्याची चाल कोणती, तर खेड्यातल्या माझुर्का नाचाची. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा पाडेरेव्हस्की हा पियानोवादक आणि रचनाकार 1919 साली त्यांचा पंतप्रधान झाला आणि त्याने व्हर्सायच्या तहावर सही केली. ज्या देशाने सोसले आहे, त्याला चालीचे मोल सांगावे लागत नाही.

कृष्णरावांचे आणखी एक काम आपल्या विदर्भाच्या जवळचे आहे. 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदनेला चाल दिली. त्यासाठी पाली शब्द आणि त्यांचे उच्चार समजून घेतले, आणि ती ध्वनिमुद्रित झाली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरास धम्मदीक्षेचा सोहळा झाला. आपल्या जिल्ह्यातून भाकरी बांधून किती माणसे गेली असतील! ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर गाण्याची बंदी होती, त्यांच्या प्रार्थनेला चाल द्यायला भास्करबुवांचा पट्टशिष्य बसला, ही गोष्ट साधी नाही. ज्याने 'वंदे मातरम्'साठी दिल्ली गाठली तोच बुद्धवंदनेसाठी पाली शिकला. दोन्हींमागे विचार एकच होता : गाणे सर्वांना गाता आले पाहिजे.

उरलेले थोडक्यात सांगतो. 'रागसंग्रह' या नावाने त्यांनी बंदिशींचे सात भाग प्रसिद्ध केले, म्हणजे आपली पुंजी छापून मोकळी केली. राम मराठे यांच्यासारखे शिष्य तयार केले. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळाले, 1972 साली संगीत नाटक अकादमीने त्यांना सन्मानसदस्य केले, आणि 20 ऑक्टोबर 1974 रोजी ते निवर्तले.

आता शेवटचे. आपल्या कळंबला चिंतामणीच्या देवळात आरतीला उभे राहिले की कोणी कोणाला शिकवत नाही. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सारे म्हणतात. विहारांत त्रिशरण-पंचशील असेच म्हटले जाते. परंतु 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला आपण काय करतो? यंत्रावर गाणे लावतो आणि हात बांधून उभे राहतो. गाणे वाजते, गात कोणीच नाही. एका माणसाने हा देश एकत्र गाऊ शकतो हे सिद्ध करण्यासाठी पदरमोड केली, आणि आपण गळा मिटून बसलो आहोत. येत्या 15 ऑगस्टला, निदान आपल्या चौकात तरी, ते यंत्र बंद ठेवू या. सूर थोडे हुकतील, पण मास्तरांनी त्याबद्दल रागावले नसते.