केळीच्या खोडापासून हातकागद

केळीचे झाड एकदाच फळ देते. घड उतरवल्यानंतर तोडलेले खोड जळगावसह देशभरातील अनेक बागांमध्ये बांधावर कुजते. त्यातील लांब व चिवट तंतूंपासून मात्र टिकाऊ हातकागद तयार होतो.

खोडाचे तुकडे सोड्याच्या पाण्यात शिजवून धुतात व कुटून त्यांचा लगदा करतात. हा लगदा पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीवर उचलतात, दाबतात आणि वाळवतात. फळांच्या गरात तंतू कमी असल्याने निव्वळ गराचा कागद ठिसूळ होतो.

हातकागदनिर्मितीसाठी पुण्यात १९४० मध्ये संस्था स्थापन झाली. राजस्थानात सांगानेरच्या कागझी कारागिरांची परंपरा त्याहून जुनी आहे. खोडात सुमारे ९० टक्के पाणी असल्याने त्याची वाहतूक महाग पडते. त्यामुळे तंतू बागेजवळच काढले, तरच हा उद्योग शेतकऱ्यांना परवडू शकतो.