लोडमास्टर
मालवाहू विमानातील भाराची जबाबदारी असलेला उड्डाणचमूचा सदस्य. कोणती पेटी, वाहन वा माणसे कोठे ठेवायची हे वजनाचा हिशेब करून तो ठरवतो, कारण विमानाचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे. साखळ्या व पट्टे आवळणे, स्फोटक किंवा ज्वालाग्राही माल वेगळा राखणे आणि हवेतून छत्रीने माल सोडणे ही कामेही त्याचीच. नीट न बांधलेला भार हवेत सरकला तर वैमानिकाच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून हे काम हमालीच्या देखरेखीपुरते समजणे अन्यायाचे आहे.

भारतीय वायुसेनेच्या सी-१७ विमानात (भारक्षमता सुमारे ७७ टन) दोन वैमानिकांसोबत लोडमास्टर असतो. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. त्या आपत्तीच्या वेळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके व साहित्य वायुसेनेच्या मालवाहू विमानांतून परराज्यांतून महाराष्ट्रात आणले गेले. पोलादपूरला धावपट्टी नाही; पुढचा प्रवास घाटरस्त्याचा किंवा हेलिकॉप्टरचा.

वेतन : सातव्या वेतन आयोगानुसार नियमित वायुसैनिकाचे मूळ वेतन दरमहा २१,७०० रुपयांपासून, सैनिकी सेवा वेतन ५,२०० रुपये, महागाई व उड्डाणभत्ता वेगळा. नागरी मालवाहतुकीत वेतन कंपनी व अनुभवानुसार बदलते.