साहेलमधील लष्करी सत्तापालट (२०२०–२०२३)

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत गेलेला निमकोरडा पट्टा म्हणजे साहेल. या पट्ट्यातील माली, बुर्किना फासो आणि नायजर या एकमेकांना लागून असलेल्या देशांत ऑगस्ट २०२० ते जुलै २०२३ या काळात पाच वेळा लष्कराने सत्ता बळकावली. बहुतेक वेळा कारण एकच सांगितले गेले : सत्तेवरील सरकारला जिहादी गटांचा बंदोबस्त करता येत नाही.

या संकटाची सुरुवात २०११ च्या लिबियातील युद्धापासून होते. गद्दाफींची राजवट कोसळल्यावर त्यांच्या फौजेतील तुआरेग जमातीचे सैनिक शस्त्रास्त्रांसह उत्तर मालीत परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी बंड पुकारले. सरकार बंडाचा मुकाबला नीट करत नाही म्हणून मार्चमध्ये बामाकोत लष्कराने राष्ट्राध्यक्षांना हटवले. राजधानीतल्या या गोंधळात टिंबक्टूसह उत्तरेतील मोठी शहरे हातची गेली आणि काही आठवड्यांत तुआरेगांना मागे सारून जिहादी गट तेथे वरचढ झाले. उठावाने युद्ध जिंकता येत नाही, हे तेव्हाच दिसले होते. २०१३ मध्ये फ्रेंच फौजेने शहरे सोडवली. पण जिहादी गट खेड्यापाड्यांत पांगले, तिन्ही देशांच्या सीमा मिळतात त्या लिप्ताको-गुर्मा भागात मुरले. कुरणे आणि पाणी यांवरून पशुपालक व शेतकरी यांच्यात चालत आलेली भांडणे, न्यायनिवाड्यातील लाचखोरी आणि सैनिकांचे अत्याचार यांच्या जोरावर त्यांना तरुणांची भरती मिळत गेली.

बराकीतील असंतोषही खरा होता, हे मान्य केले पाहिजे. बुर्किना फासोच्या उत्तरेकडील इनाता येथील सशस्त्र पोलीस दलाच्या ठाण्यात रसद संपली होती. आसपासची जनावरे मारून पोट भरत असल्याचे जवानांनी वरिष्ठांना कळवले होते. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी ठाण्यावर हल्ला झाला. पन्नासहून अधिक लोक मारले गेले, त्यांत बहुतेक जवान होते. देशभर संताप उसळला. जानेवारी २०२२ मध्ये लेफ्टनंट कर्नल दामिबा यांनी राष्ट्राध्यक्ष काबोरे यांना पदच्युत केले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ३४ वर्षांच्या कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांनी दामिबांनाच हटवले. मालीत लष्करी अधिकारी असिमी गोइता यांनी ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ असे दोन उठाव केले. नायजरमध्ये २६ जुलै २०२३ रोजी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझुम यांना त्यांच्याच संरक्षक दलाने कोंडले. या देशात दोन वर्षांपूर्वीच प्रथमच निवडणुकीच्या मार्गाने एका लोकनियुक्त राष्ट्राध्यक्षाकडून दुसऱ्याकडे सत्ता गेली होती, म्हणून हा घाव अधिक खोल.

पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने नायजरवर निर्बंध लादले, बाझुमना परत बसवण्यासाठी आठवड्याची मुदत दिली आणि लष्करी कारवाईची धमकीही दिली. नायजेरियाने वीज तोडली. कारवाई झाली नाही. झळ मात्र औषधे आणि धान्य यांच्या टंचाईच्या रूपाने सामान्य लोकांना बसली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिन्ही लष्करी राजवटींनी आपसांत संरक्षण करार केला आणि २९ जानेवारी २०२५ रोजी त्या इकोवासमधून अधिकृतपणे बाहेर पडल्या. फ्रेंच फौजा तिन्ही देशांतून, अमेरिकी फौजा नायजरमधून परत गेल्या. आधी मालीत आणि नंतर इतरत्र रशियन भाडोत्री सैनिक आले. शेजाऱ्यांनी मिळून दहशतवादाशी लढण्याची जी थोडीबहुत घडी बसली होती, ती त्यामुळे विस्कटली.

सुरक्षा मात्र आली नाही. मार्च २०२२ मध्ये मालीतील मुरा गावात लष्कर आणि परदेशी लढवय्यांनी किमान ५०० लोकांना ठार केल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत आढळले. बुर्किना फासोत विस्थापितांची संख्या २०२३ मध्ये २० लाखांवर गेली, म्हणजे जवळजवळ दर दहा माणसांमागे एक. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच देशातील बार्सालोगो येथे लष्कराच्या सांगण्यावरून गावाभोवती खंदक खोदणाऱ्या ग्रामस्थांवर जिहादींनी गोळीबार केला आणि शेकडो बळी घेतले. २०२५ च्या अखेरीस मालीत इंधनाचे टँकर जाळून त्यांनी बामाकोची कोंडी केली.

मालीत फेब्रुवारी २०२४ साठी ठरलेली निवडणूक पुढे ढकलली गेली आणि मे २०२५ मध्ये सर्व राजकीय पक्ष बरखास्त झाले. दोन महिन्यांनी गोइतांना निवडणुकीविना पाच वर्षांचा कार्यकाळ मिळाला; तो हवा तितक्या वेळा वाढवता येतो.