कल्याणचा बिशप

लग्नाकार्यात नवी ओळख झाली, माझं आडनाव कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “म्हणजे तुम्हाला पोर्तुगीजांनी बाटवलं ना?” आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांना याची सवय आहे. उलट रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आमच्यापैकीच कुणीतरी छाती काढून सांगतो, की आपण थेट संत थॉमसच्या हातचे, पहिल्या शतकापासूनचे. इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे दोन्हीकडे मला तोंड उघडावं लागतं आणि दोन्हीकडे मी थोडी नावडती होते.

या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती धर्माचा जुना आणि बऱ्यापैकी भरवशाचा साक्षीदार पोर्तुगीज नव्हे, ग्रीक लिहिणारा एक व्यापारी आहे. अलेक्झांड्रियाचा कॉस्मास. व्यापार सोडून तो संन्यासी झाला आणि इ.स. 550 च्या सुमारास त्याने जगाच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात पश्चिम भारतातल्या बंदरांची यादी येते. मलबारात मिरी होते आणि तिथे ख्रिस्ती लोक आहेत, असं सांगून तो पुढे म्हणतो, की कल्लियाना इथे तर बिशपही आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. या कल्लियानातून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं, हेही तो व्यापाऱ्याच्या नजरेने नोंदवतो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याण असं मानतात. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, तेच हे श्रीमंत गाव. म्हणजे वास्को द गामाच्या साडेनऊशे वर्षं आधी तिथे बिशप होता.

गंमत अशी, की हाच कॉस्मास एका वेगळ्याच कारणाने बदनाम आहे. पृथ्वी सपाट आहे आणि विश्व मोशेच्या मंडपासारखं, वरून कमानीचं छत असलेल्या पेटीसारखं आहे, असा त्याचा दावा होता. चर्चने मध्ययुगात लोकांना सपाट पृथ्वी शिकवली, हे वाक्य आपण सगळे ऐकत आलो. त्याच्या पुराव्यासाठी कॉस्मासला पुढे करतात. पण त्याच्याच शहरात, त्याच्याच काळात, योहान फिलोपोनस नावाचा ख्रिस्ती पंडित विश्व गोलाकार असल्याचं मांडत होता. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियसने कॉस्मासचं पुस्तक वाचून त्याची टरच उडवली. लॅटिन युरोपला तर हा ग्रंथ 1706 मध्ये छापून आल्यावरच खऱ्या अर्थाने ठाऊक झाला. तिकडच्या विद्यापीठांतली मुलं तेराव्या शतकापासून साक्रोबोस्कोचं गोलावरचं पाठ्यपुस्तक घोकत होती. सपाट पृथ्वीवाल्या मध्ययुगाची कथा रंगली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या 1828 च्या कोलंबस चरित्राचा त्यात मोठा हात. कॉस्मासचं भूगोलशास्त्र टाकाऊ होतं, बंदरांची माहिती मात्र कामाची. एकच माणूस दोन्ही असू शकतो.

आता तो इराणातून नेमलेला बिशप. तो रोमचा नव्हता, पोपशी त्याचं देणंघेणं नव्हतं. तो पूर्वेच्या ख्रिस्तसभेचा. त्याच्या उपासनेची भाषा सिरियाक. या पंथाला पुस्तकांत ‘नेस्टोरियन’ म्हणतात आणि पुढे सवयीने ‘पाखंडी’ जोडतात. नेस्टोरियस हा कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख धर्मगुरू. मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यापेक्षा ‘ख्रिस्तमाता’ म्हणावं, असं त्याचं मत. तो ख्रिस्ताचे दोन तुकडे करतो, एक देव आणि एक माणूस, असा आरोप ठेवून 431 मध्ये एफेससच्या महाधर्मसभेने त्याला पदावरून काढलं. पण इराणातल्या ख्रिस्ती लोकांनी आपली धर्मसभा 410 मध्येच भरवली होती. नेस्टोरियसने स्थापन केलेला हा पंथ नव्हेच; त्यांनी नंतर त्याला मान दिला, एवढंच. ख्रिस्त एकच, त्याच्यातलं देवपण आणि माणूसपण एकमेकांत कालवलं जात नाही, ही त्यांची शिकवण. शब्द ग्रीक आणि सिरियाक या दोन भाषांतले, त्यात रोमन आणि इराणी ही दोन शत्रुराज्यं. समजून घेण्याची घाई कुणालाच नव्हती.

या लोकांची पुढची ठळक गाठ पडते ठाण्यात. 1321 साली होर्मुझहून निघालेलं एक जहाज ठाण्याला लागलं. त्यात तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती होते, शिवाय जॉर्डनस नावाचा डोमिनिकन. त्यांना जायचं होतं कोल्लमला. दोन-तीन वर्षांत तिथून गेलेला ओडोरिक हा प्रवासी लिहितो, की ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरं होती आणि त्यातल्याच एका घरात हे संन्यासी उतरले. एके रात्री त्या घरात नवराबायकोचं वाजलं. नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे गेली. पुरावा काय, असं काझीने विचारल्यावर ती म्हणाली, घरात चार फिरंगी साधू आहेत, त्यांनी पाहिलंय. साक्षीला बोलावलेल्या साधूंशी वाद सुरू झाला धर्माचा. काझीने पैगंबरांबद्दल मत विचारलं, त्यांनी ते बेधडक दिलं आणि चौघेही मारले गेले. मधे आगीत उभं राहूनही न जळण्याचा चमत्कार आहे. संतचरित्रात तो असायचाच, मी त्यावरून पुढे जाते. मला त्या आख्यानातली खरी वाटते ती मार खाऊन काझीकडे गेलेली बाई. भक्त लेखकाने ती मुद्दाम रचली असती, असं वाटत नाही. तिच्यामुळे हुतात्म्यांची शोभा काही वाढत नाही.

जॉर्डनस तेव्हा भडोचच्या वाटेवर होता म्हणून वाचला. परत येऊन त्याने प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. पुढे ओडोरिकने त्यातल्या अस्थी पार चीनपर्यंत नेल्या. जॉर्डनसला 1329 मध्ये कोल्लमचा बिशप नेमलं गेलं. इथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांबद्दल तो फणकाऱ्याने लिहितो: विखुरलेले आहेत, स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण बाप्तिस्मा नाही, धर्माचं ज्ञान नाही, संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात. ओडोरिक तर ज्यांनी छप्पर दिलं त्यांनाच पाखंडी म्हणून मोकळा होतो.

मग 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. कल्याणच्या त्या बिशपाच्या मंडळींचं सोळाव्या शतकापर्यंत या भागात काही उरलं असेल, असं दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही. म्हणून चर्चच्या आवारात मी सांगते: आपले पूर्वज सोळाव्या-सतराव्या शतकात ख्रिस्ती झाले, काही मनाने, काही जमिनीसाठी, काही दडपणाखाली. कल्याणचा वारसा हवा म्हणून वंशावळ ताणू नये.

सिरियाक परंपरा टिकली केरळात, आणि तिथेही गोव्याचा आर्चबिशप मेनेझेस पोहोचला. 1599 च्या उदयंपेरूरच्या धर्मसभेत त्याने नेस्टोरियन ठरवलेले ग्रंथ जाळायला किंवा ‘दुरुस्त’ करायला लावले. या देशातल्या ख्रिस्ती धर्माची जुनी कागदपत्रं ख्रिस्ती बिशपानेच नष्ट केली, हे आम्ही मोठ्याने बोलत नाही. 1653 मध्ये मट्टांचेरीला हजारो लोकांनी कुनन क्रॉसची शपथ घेऊन जेझुइट धर्मगुरूंना नाकारलं, त्यात हाही राग होता.

रोमने तोलेंतिनोच्या थॉमसला 1894 मध्ये धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, 11 नोव्हेंबर 1994 रोजी, पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या ख्रिस्तसभेचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ख्रिस्ताबद्दलची श्रद्धा एकच आहे, आणि मरियेला ‘देवमाता’ म्हणा की ‘ख्रिस्त आमच्या देवाची माता’, दोन्ही योग्य, असं त्यात मान्य झालं. एफेससचं भांडण मिटायला 1563 वर्षं लागली. ठाण्याच्या त्या नवराबायकोचं कधी मिटलं, हे सांगायचं ओडोरिकला सुचलं नाही.