दंडावरच्या खुणा

आमच्याकडं 'लस' हा शब्द फार उशिरा आला. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात 'देवी येणं' म्हणजे रोग आणि 'देवी काढणं' म्हणजे टोचणं. आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते, वडिलांच्या दंडावर टोचल्याचे. एका पिढीत खूण तोंडावरून दंडावर आली. ती सुखासुखी आली नाही.

देशात देवीची पहिली लस मुंबईत टोचली गेली, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी एका लेकराच्या दंडावरच्या फोडातलं पाणी दुसऱ्याला टोचत. दुसऱ्याच्या पोराचं पाणी आपल्या पोराच्या अंगात, हे कुणाला रुचणार? १८७७ साली मुंबई शहरात कायद्यानं सक्ती आली. सक्तीनं टोचणाऱ्यांचा आकडा वाढतो, तसे लपवणारेही वाढतात. आजी सांगायची, "टोचणारा आला म्हणलं की आया लेकरं कणगीत घालायच्या."

१९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढं उन्हातही टिकणारी कोरडी लस आणि दोन टोकांची सुई आली. पण मला महत्त्वाची वाटते ती शेवटची युक्ती. देवीचा रोगी कळवणाऱ्याला सरकारनं बक्षीस लावलं आणि ते वाढवत १९७५ साली हजार रुपयांवर नेलं. जो रोगी लोक लपवायचे, तोच लोक दाखवायला लागले. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला.

त्याच सुमारास आणीबाणीतल्या नसबंदीनं घात केला. सरकारी जीप फुफाटा उडवत आली की बापे माणसं ज्वारीत शिरायची. नर्सबाई लेकरांना टोचायला आली, तरी बाया दाराला कडी लावायच्या. एका कामातली जबरदस्ती दुसऱ्या कामाच्या मुळावर आली.

तरी लोक अडाणी म्हणून लस घेत नव्हते, हे अर्धंच खरं. माझी चुलती १९८१ च्या पावसाळ्यात तान्ह्या पोराला कडेवर घेऊन नऊ मैल चालत दवाखान्यात गेली. पोलिओच्या लशीला थंडावा लागतो, ती देवीच्या लशीसारखी उन्हात टिकत नाही. तिथं सांगितलं, "बर्फ नाही. पुढच्या गुरुवारी या." पुढच्या गुरुवारी पेरणी होती. भादव्यात पोराला ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. चुलतीची श्रद्धा आड आली नव्हती, नऊ मैल आणि एक बर्फाची लादी आड आली होती.

१९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात शीतपेट्या खेड्याकडं येऊ लागल्या. पुढं ठरल्या वारी अंगणवाडीतच टोचायला लागले. बाईची रोजंदारी बुडेना. १९९५ ला पल्स पोलिओ आला. शाळेत बूथ, एसटी स्टँडवर बूथ, आणि राहिलेल्यांसाठी घरोघर फेरी. २००५ नंतर आशाताई आल्या. त्या गावच्याच सुना. त्यांना दार लावून घेणं अवघड. २०११ च्या जानेवारीत हावड्यात सापडलेला रोगी देशातला पोलिओचा शेवटचा ठरला. १९९२-९३ च्या पाहणीत देशात शंभरातल्या पस्तीस बाळांना सगळ्या लशी मिळाल्या होत्या, २०१९-२१ च्या पाहणीत शहात्तर बाळांना.

उरलेली चोवीस कोण? आमच्या भागापुरतं मी सांगू शकतो. दसरा-दिवाळीला आमची अर्धी वाडी कोयता घेऊन कारखान्याला जाते. बाळाचं नाव गावच्या वहीत, बाळ कोपीवर. इथली आशाताई म्हणते, "बाळ गावात नाही." तिथली म्हणते, "हे आमच्या गावचं नाही." दोघींचंही खरं, आणि बाळाचा डोस चुकलेला.

इथं ना सक्ती कामाची, ना भाषण. मुकादमाकडं टोळीची यादी असते. कुणाच्या कडेला तान्हं आहे, हे त्याला ठाऊक असतं. ती यादी निघतानाच कारखान्याच्या गावच्या नर्सबाईकडं पोचावी आणि टोचायची वेळ सांजची असावी, कारण दिवसभर आई फडात असते. आमचा चुलतभाऊ काठी टेकत दरसाली गाड्यांपाशी येतो आणि एकेका बाईला विचारतो, "वहिनी, कार्ड घेतलं का?"