त्रोवुलान

त्रोवुलान : इंडोनेशियाच्या पूर्व जावा प्रांतातील, मोजोकर्तो जिल्ह्यातील पुरातत्त्वीय क्षेत्र. ते सुरबायाच्या नैऋत्येस सु. ६० किमी. अंतरावर आहे. मजपहित राज्याची (१२९३ ते सोळाव्या शतकाचा प्रारंभ) राजधानी येथे होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथील अवशेष सु. १०० चौ. किमी. परिसरात विखुरले असून त्यांतले बरेचसे आजच्या घरांच्या, भातखाचरांच्या आणि उसाच्या मळ्यांच्या खाली आहेत.

जावाचे पुरातत्त्व दीर्घकाळ मंदिरांभोवती फिरत राहिले. बोरोबुदुर आणि प्राम्बानान येथील दगडी वास्तूंचे मोजमाप, शिल्पपट्टांचा अर्थ, पडझड झालेल्या भागांची पुन्हा उभारणी यांत वसाहतकालीन आणि नंतरच्याही संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. हे स्तूप आणि ही देवळे ज्यांनी उभारली ते लोक कोठे राहत, काय शिजवत, पाणी कोठून आणत, हे प्रश्न मागे पडले. लाकडा-बांबूची घरे उष्ण, दमट हवेत टिकत नाहीत, हे त्यामागचे एक खरे कारण आहे. पण संशोधकांची नजर देवळांवरच खिळलेली होती, हेही तितकेच खरे. त्रोवुलानचे महत्त्व यात आहे, की येथे भाजलेल्या विटेमुळे एक संपूर्ण नगर मातीखाली शिल्लक राहिले.

अवशेषांची पहिली पद्धतशीर पाहणी जावा ब्रिटिशांच्या ताब्यात असताना झाली. जावाचा तत्कालीन ब्रिटिश प्रशासक टॉमस स्टॅम्फर्ड रॅफल्सने १८१५ मध्ये वार्डेनार या अधिकाऱ्याकडून येथील आराखडा काढून घेतला. त्या वेळी बराचसा भाग सागाच्या रानाने वेढलेला होता. शतकाअखेरीस एक ग्रंथ हाती आला आणि चित्र पालटले. प्रपंच या राजकवीने १३६५ मध्ये रचलेले ‘देशवर्णन’ (‘नागरकृतागम’ म्हणूनही परिचित) हे काव्य १८९४ मध्ये लोंबोक बेटावरील राजवाड्यात सापडले. डच सैन्याने त्या वाड्यावर हल्ला केला, तेव्हा यान ब्रांडेस या भाषाशास्त्रज्ञाने तेथील ग्रंथसंग्रह वाचवला. मजपहितच्या हयाम वुरुक राजाची राजधानी, वाड्याचे चौक, दरबारी मंडळींच्या निवासांची दिशावार मांडणी असे तपशील या काव्यात आहेत. तेव्हापासून त्रोवुलानचे संशोधक एका हातात पोथी आणि दुसऱ्या हातात कुदळ घेऊन वावरू लागले.

स्थानिक प्रशासक क्रोमोजोयो आदिनेगोरो यांचा या कामातील वाटा सहसा दुय्यम म्हणून सांगितला जातो, ते योग्य नाही. उंदरांचा उपद्रव झाल्यामुळे उकरलेल्या एका टेकाडाखाली १९१४ मध्ये विटांचे स्नानकुंड उघडे पडले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. ‘तिकुस’ म्हणजे उंदीर, म्हणून ते आजही चंडी तिकुस या नावाने ओळखले जाते. (जावात प्राचीन देवळाला किंवा तत्सम वास्तूला ‘चंडी’ म्हणतात.) बांडुंगच्या तंत्रविद्यालयाची इमारत उभारणारा डच वास्तुविशारद हेन्री मॅक्लेन पोंट याच्यासह आदिनेगोरो यांनी १९२४ मध्ये मजपहितच्या पुराभ्यासासाठी संस्था स्थापन केली. मॅक्लेन पोंटने त्रोवुलानलाच मुक्काम ठोकला, शोधचर खणले आणि संग्रहालय उभे केले. सु. ३७५ मी. लांब आणि १७५ मी. रुंद असा विटांनी बांधलेला सेगारान तलाव त्याने १९२६ मध्ये उजेडात आणला. मेजवानीनंतर राजा सोन्याची ताटे या तलावात फेकून पाहुण्यांना थक्क करत असे, अशी दंतकथा गावात सांगितली जाते. १९४२ मध्ये जपानी सैन्याने मॅक्लेन पोंटला कैद केले आणि संग्रहालय बंद पडले.

राजवाडा नेमका कोठे होता, या प्रश्नाने अभ्यासकांना फार गुंतवून ठेवले. डच पुरातत्त्वज्ञ विलेम स्टुटरहाइमने प्रपंचाचे वर्णन आणि जावा-बालीतील नंतरच्या राजवाड्यांची रचना ताडून वाड्याचा कल्पित आराखडा मांडला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडे गोम्पर्ट्स, हाग आणि कॅरी या अभ्यासकांनी वार्डेनारचा जुना नकाशा आजच्या जमिनीवर उपग्रहाधारित मोजणीने तपासून हा धागा पुढे नेला. हे काम चिकाटीचे आहे. तरीही त्रोवुलानने जावाच्या समाजाबद्दल सांगितलेल्या बहुतेक नव्या गोष्टी वाड्याच्या शोधातून नव्हे, तर विहिरींतून आणि उकिरड्यांतून आल्या आहेत.

उत्खननांत घरांची विटांची जोती, फरसबंद अंगणे, सांडपाण्याच्या नाल्या आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेले आड मोठ्या संख्येने मिळाले. त्रोवुलानमधील सेंतोनोरेजो येथे षट्‌कोनी फरशांची जमीन सापडली. धातू वितळवण्याच्या मुशी, मातीची छोटी घरे, माणसांचे पुतळे आणि डुकराच्या आकाराचे पैशांचे गल्लेही मिळाले. गल्ल्यात टाकायची नाणी चिनी होती. तांब्याची, मधे चौकोनी भोक असलेली ही नाणी मजपहितच्या बाजारात रोजच्या व्यवहाराचे चलन बनली होती. चिनी भांड्यांच्या खापऱ्या येथे विपुल आहेत. व्हिएतनाममध्ये घडवलेल्या निळ्या-पांढऱ्या भिंतफरशांचे तुकडेही येथे सापडतात. तशाच फरशा मध्य जावातील देमाकच्या जुन्या मशिदीच्या भिंतींत बसवलेल्या आहेत. त्यांचे आकार जावातील बांधकामाला साजेसे असल्याने त्या येथील मागणीवरून बनल्या असाव्यात.

पंधराव्या शतकाच्या आरंभी जंग ह या चिनी नौसेनापतीच्या आरमाराबरोबर आलेल्या मा हुआन या प्रवाशाने जावातील वस्तीचे वर्णन केले आहे : पश्चिमेकडून आलेले मुसलमान, चिनी आणि स्थानिक असे तीन प्रकारचे लोक, गवताने शाकारलेली घरे आणि प्रत्येक घरात चीजवस्तू ठेवण्यासाठी विटांचे बुटके कोठार, ज्याच्यावर माणसे बसत आणि झोपत. स्थानिकांच्या खाण्याविषयी तो नाक मुरडतो, त्यामुळे त्याची मते जपून घ्यावी लागतात. घरांच्या वर्णनात मात्र उत्खननाशी जुळणारे बरेच आहे.

त्रोवुलानच्या दक्षिण भागातील त्रालाया दफनभूमीने इतिहासकारांना सर्वांत मोठा धक्का दिला. फ्रेंच अभ्यासक लुई-शार्ल दामे यांनी १९५७ मध्ये तेथील थडग्यांच्या शिळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिळांच्या एका बाजूला अरबी धर्मवचने आणि दुसऱ्या बाजूला जुन्या जावी अंकांत शक वर्ष कोरलेले आहे. मराठी पंचांगात आजही चालणारा हाच तो शालिवाहन शक; जावातील शिलालेख व ताम्रपट याच गणनेत लिहिले जात. त्रालायातील सर्वांत जुनी शिळा शके १२९८ (इ. स. १३७६) ची, तर त्रोवुलानमधीलच दुसरी एक शके १२९० ची. म्हणजे हयाम वुरुकच्या ऐन वैभवकाळात, हिंदू-बौद्ध दरबाराच्या सान्निध्यात मुसलमान राहत होते. काही शिळांवर मजपहितचे सूर्यचिन्ह आहे आणि नक्षीही श्रीमंती थाटाची, त्यामुळे पुरलेल्यांपैकी काही जण परदेशी व्यापारी नसून जावी उमराव असावेत. इस्लामच्या हल्ल्याने मजपहित कोसळले, ही शालेय पुस्तकांतली सोपी कथा या शिळांनी बरीच गुंतागुंतीची केली.

हवाई छायाचित्रांत सरळ रेषांत धावणाऱ्या, २० ते ४० मी. रुंदीच्या कालव्यांच्या खुणा दिसल्या. ते वाहतुकीसाठी होते, शेतीसाठी, पूर आवरण्यासाठी की नगराच्या आखणीचा भाग म्हणून, यावर वाद आहे. आजही उभ्या असलेल्या वास्तूंत वरिंगिन लावांग हे दुभंगलेले महाद्वार आणि बाजांग रातू हे उंच छताचे प्रवेशद्वार प्रसिद्ध आहेत. चंडी ब्राहू हे विटांचे मोठे मंदिर आहे.

ज्या मातीने नगर जपले तीच त्याच्या मुळावर आली आहे. जुन्या विटा दळून ‘लाल सिमेंट’ करण्याचा धंदा येथे दीर्घकाळ चालला, आणि आजही परिसरात वीटभट्ट्या धगधगत असतात. शेतकरी वीटवाल्यांना माती काढू देतात, कारण जमीन खोल गेली की खाचरात पाणी भरणे सोपे होते. मातीबरोबर जोतीही जातात. सरकारी कामही याला अपवाद नव्हते : संग्रहालयालगत माहिती केंद्र उभारताना २००८ च्या अखेरीस पायाच्या खड्ड्यांनी प्राचीन भिंती व आड उद्ध्वस्त केले. पुरातत्त्वज्ञांनी आवाज उठवल्यावर जानेवारी २००९ मध्ये काम थांबले. २०१३ मध्ये पोलाद कारखान्याच्या प्रस्तावावरून पुन्हा वाद पेटला आणि त्याच वर्षी त्रोवुलानला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा क्षेत्राचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाल्याने भट्ट्या विझल्या नाहीत, आणि शोधही बरेचदा भट्टीवाल्यांकडूनच येतात. शेजारच्या जातिरेजो तालुक्यातील कुमितिर गावी जून २०१९ मध्ये माती काढणाऱ्यांच्या कुदळीला विटांचे बांधकाम लागले. पुढील वर्षांत टप्प्याटप्प्याने उत्खनन झाले, तेव्हा दोनशे-तीनशे मीटर बाजूंचे आवार वेढणारी आधारभिंत उघडी पडली. ते उमरावाच्या वाड्याचे आवार होते की राजकुळातील मृताच्या स्मारकाचे, याचा निवाडा अजून चालू आहे.