प्रतिज्ञा आली कुठून?



गेल्या वर्षी आपल्या उत्सवात मुलांच्या कार्यक्रमाची सुरुवात प्रतिज्ञेने झाली आणि गंमतच उडाली. कोणी इंग्रजीतून म्हणू लागले, कोणी कन्नडमधून. माझी मुलगी कन्नडवाल्यांत! "मराठी मुलांना साधी मराठी प्रतिज्ञा येत नाही," असे शेजारच्या खुर्चीवरचे काका पुटपुटले. खरे सांगतो, मलाही लागले ते. दुसऱ्या दिवशी साइटवर डबा खाताना हे बोललो, तर आमचे एक तेलुगू सहकारी हसून म्हणाले, "अहो साहेब, ती मुळात आमच्या भाषेतली!"

शोधले तर खरेच निघाले. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानांवर आपण जी प्रतिज्ञा वाचत आलो, ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. गाव नलगोंडा जिल्ह्यातले आणि नोकरी विशाखापट्टणमला, जिल्हा कोषागार अधिकारी म्हणून. म्हणजे बिले तपासणारा माणूस! (आमच्या टी.ए. बिलांवर शेरे मारणाऱ्यांकडे मी आता जरा आदराने पाहतो.) तेन्नेटी विश्वनाथम यांच्यामार्फत ती आंध्रचे शिक्षणमंत्री पी. व्ही. जी. राजू यांच्याकडे गेली, आणि १९६३ साली विशाखापट्टणमच्या शाळेत मुलांनी प्रथम म्हटली.

पुढचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा. १९६४ साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. तिथे ठरले की २६ जानेवारी १९६५ पासून प्रतिज्ञा देशभरच्या शाळांत म्हटली जावी. ही बैठक झाली कुठे? आपल्या बेंगळुरातच! म्हणजे माझ्या गावच्या शाळेत ती पोहोचली, ती याच शहरातून.

सुब्बाराव १९८८ साली गेले. आपले शब्द देशभर म्हटले जातात हे त्यांना नातीच्या पाठ्यपुस्तकावरून कळले, असे सांगतात.

आमच्या वेळी मूल्यशिक्षण म्हणजे हीच प्रतिज्ञा. हात पुढे धरून खांदा दुखायचा, कोपर वाकले की छडी. अर्थ मात्र कोणी विचारला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक दिले, पुढे महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात दहा मूल्येही आली. त्यांत वक्तशीरपणा आहे; रेल्वेवाल्याने त्यावर न बोललेले बरे! मला 'सारे बांधव' या शब्दांचा अर्थ कळला तो इथे, तेलुगू, ओडिया, बिहारी आणि कन्नड माणसांबरोबर भर पावसात रूळ बदलताना.

सध्या घरी मुलगी मला कन्नड प्रतिज्ञा शिकवते, मी तिला मराठी. ती चार दिवसांत शिकली, मी अजून मध्येच अडखळतो. यंदा मुलांच्या कार्यक्रमात आम्ही दोघे दोन्ही म्हणणार आहोत. काकांना पुढची खुर्ची राखून ठेवायला मी मंडळाला सांगितले आहे.